इंग्रजीतला घोडा कोणते काम करत होता?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचे काम निघाले, तेव्हा माझ्या टेबलावर सुतारकामाच्या एका लहानशा इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर अर्धवट पडले होते. तिच्या एका पानावर असे सांगितले होते की कापायची फळी दोन 'हॉर्सेस'वर आडवी ठेवावी, टोक बाहेर निघू द्यावे आणि मग करवत चालवावी. संदर्भावरून वस्तू डोळ्यांसमोर येत होती. चार पाय फाकलेले, वर एक आडवी जाड पट्टी, असे ते लाकडी साधन. मी 'तिवई' लिहिले आणि खोडले, 'लाकडी आधार' लिहिले आणि तेही खोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला, त्याने छताकडे एकदा पाहिले आणि आपल्या पोऱ्याला सांगितले, "खालून दोन घोडे आण, आणि मोठी फळी." पोऱ्याने दोन दुहेरी शिड्या आणून पाय फाकवून उभ्या केल्या, त्यांच्यावर फळी टाकली आणि रंगारी त्या फळीवर चढला. मी ज्या शब्दासाठी दोन दिवस कोश उलटत होते, तो शब्द जुन्या रंगाचे ओघळ अंगावर घेऊन माझ्याच घरात उभा होता. नंतर ओळखीच्या सुताराला विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते करवतीखालचे बुटके साधन म्हणजे घोडी, आणि पुस्तिकेत अखेर 'घोडी'च छापली गेली.

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि इंग्रजी मजकुरात 'हॉर्स' हा शब्द आला की मी तेव्हापासून एक प्रश्न स्वतःला आधी विचारते. या ठिकाणी हा घोडा नेमके कोणते काम करतो आहे? तो ओझे पेलतो आहे, नांगर ओढतो आहे, शर्यतीत धावतो आहे, बाजारात विकायला उभा आहे, की सैन्यात आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाक्प्रचाराचा अर्थ बहुतेक वेळा आपसूक उलगडतो, आणि त्याला मराठीत घोडा चालेल की बैल, गाय किंवा गाढव आणावे लागेल, हेही कळते.

ओझे पेलणारा घोडा दोन्ही भाषांत आहे. इंग्रजीत कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडला 'क्लोद्ज हॉर्स' म्हणतात आणि व्यायामशाळेत ज्याच्यावर हात टेकून कसरती करतात त्याला 'पॉमेल हॉर्स' म्हणतात. चित्रकाराच्या 'ईझल'मध्ये घोडा नसला तरी त्याचा भाऊबंद आहे, कारण हा शब्द डच भाषेतल्या गाढव या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपल्याकडे तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. चारही तारांचा ताण ती पाठीवर घेते, आणि जवारी लावणारा, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून ही घोडी घासून बसवणारा कारागीर तिच्याच पाठीवर तासन् तास हात चालवत बसतो.

या दोन भाषांचे आणखी एक साम्य मला फार आवडते. मराठीत साध्या चुकीपेक्षा मोठी आणि ढोबळ चूक ती 'घोडचूक', आणि लग्नाचे वय उलटून गेले असे लोक ज्या मुलीबद्दल म्हणत तिला 'घोडनवरी' हा निर्दय शब्द लावला जाई. तो आता फारसा ऐकू येत नाही याचे मला बरे वाटते. इंग्रजीतही 'हॉर्स' हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या आधी लागला की तो आकाराने मोठे, चवीने उग्र किंवा वागण्यात राकट असे काही दाखवतो. 'हॉर्सरॅडिश' हा मुळ्याच्याच कुळातला नाकात झणझणणारा कंद आहे, 'हॉर्स लाफ' म्हणजे गडगडाटी, असभ्य हसणे आणि 'हॉर्सप्ले' म्हणजे धसमुसळेपणा. दोन समाजांनी एकमेकांना न विचारता मोठ्या, आडदांड गोष्टींसाठी हाच प्राणी निवडला.

मात्र 'हॉर्स ग्रॅम' या शब्दाचा हिशेब वेगळा आहे. हे कुळथाचे इंग्रजी नाव, आणि यातला घोडा खराखुरा खाणारा आहे. भारतात आलेल्या इंग्रजांनी हे कडधान्य घोड्यांच्या आणि गुरांच्या तोबऱ्यात पाहिले आणि त्यावरून नाव पाडले. कोकणातल्या ज्या घरांत पावसाळ्याच्या रात्री गरम भात आणि कुळथाचे पिठले हेच जेवण असे, त्या घरांतली माणसे या नावाच्या हिशेबात आली नाहीत. पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकांत मी हे नाव वाचते तेव्हा मला ते खटकते, आणि मराठीतून इंग्रजीत काम करताना मी शक्य तेथे 'कुळीथ' तसाच ठेवते.

आता शब्दाच्या घराण्याकडे वळते, कारण तिथे एक मोठी गंमत आहे. संस्कृत 'अश्व', पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'अस्प', लॅटिन 'इक्वुस' आणि ग्रीक 'हिप्पोस' ही एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. मुंबईतल्या पारशी कुटुंबांत जामास्प, लोहरास्प अशी नावे आढळतात, त्यांच्या शेवटी हाच 'अस्प' बसलेला असतो. ग्रीक 'हिप्पोस' फिलिप या नावात आहे, ज्याचा अर्थ घोड्यांवर प्रेम करणारा असा होतो, आणि पाणघोड्याच्या 'हिप्पोपोटॅमस' या नावातही आहे, ज्याचा अर्थ नदीतला घोडा. जुन्या इंग्रजीतही या घराण्याचा 'एओह' असा शब्द होता. तो मेला आणि त्याची जागा 'हॉर्स' या शब्दाने घेतली, ज्याचा जर्मन भाऊ 'रॉस' आहे. 'वॉलरस' या सागरी प्राण्याच्या नावाच्या शेवटीही तोच घोडा आहे. फ्रान्समध्येही असेच घडले. 'इक्वुस' मागे पडला आणि 'काबालुस' हा लोकांच्या तोंडचा साधा शब्द पुढे आला. त्यातून फ्रेंच 'शव्हाल' निघाला, आणि इंग्रजीला 'कॅव्हल्री' म्हणजे घोडदळ आणि 'शिव्हल्री' म्हणजे दाक्षिण्य हे शब्द मिळाले. आपल्याकडे 'अश्व' पोथीत आणि पाटीवर राहिला, आणि 'घोटक' या शब्दापासून आलेला 'घोडा' दारात येऊन उभा राहिला. म्हणजे तिन्ही ठिकाणी कुलीन शब्द मागे पडला आणि रोज खरारा करणाऱ्या, दाणापाणी देणाऱ्या माणसांचा शब्द टिकला. म्हणूनच मराठीत म्हणी सगळ्या घोड्याच्या आहेत, अश्वाची एकही नाही.

काही इंग्रजी शब्दांत घोडा इतका आत दडलेला आहे की रोज वापरूनही तो दिसत नाही. आपण 'हॉबी' म्हणतो तो शब्द लहान चणीच्या घोड्याचे नाव होता. पुढे काठीला घोड्याचे तोंड लावून केलेल्या खेळण्याला 'हॉबी हॉर्स' म्हणू लागले, आणि त्या खेळण्यावरून माणूस ज्या नादात रमतो त्या नादालाच ते नाव मिळाले. 'कॉन्स्टेबल' हा मुळात लॅटिनमधला तबेल्याचा अधिकारी आहे. 'मार्शल' हा जर्मानिक भाषांतला घोड्यांचा चाकर, जो चढत चढत सेनापतीपदाला पोचला. भाड्याच्या घोड्याला 'हॅक्नी' म्हणत. तो दिवसभर कोणाच्याही मांडीखाली फिरून झिजलेला असे, म्हणून वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दाला 'हॅक्नीड' म्हणू लागले. याउलट 'नाइटमेअर'मध्ये घोडी आहे असे वाटते, आणि ती तिथे मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणाऱ्या पिशाच्चाला जे नाव होते, ते योगायोगाने घोडीच्या नावासारखे ऐकू येते, एवढेच.

बाजारातला घोडा समजून घ्यायला मात्र मला कोशातून उठून बाजारातच जावे लागले. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. काठियावाडी, मारवाडी, पांढरे नुकरे, चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी असे घोडे ओळीने बांधलेले असतात आणि थंडीच्या सकाळी त्यांच्या अंगावर झुली असतात. तिथे एका व्यापाऱ्याने एका घोडीचे तोंड उघडताना मी दोन हातांवरून पाहिले. त्याने डाव्या हाताने दावे धरले, उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कडेने आत सरकवला, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी रिकामी हिरडी असते तिथे दाबला, आणि घोडीने तोंड उघडताच तिची जीभ एका बाजूला ओढून धरली. सगळे काही क्षणांत झाले. मग तो खालच्या दातांकडे वाकून बघत राहिला आणि त्याच्याबरोबरचे तिघेही वाकले. मालक सांगत होता की पाच वर्षांची आहे, आणि व्यापारी काही न बोलता बघत होता.

तो काय बघत होता ते मी नंतर समजून घेतले. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात आणि त्यांच्या जागी कायमचे येतात, त्यामुळे पाचव्या वर्षापर्यंत वय जवळपास मोजता येते. त्यानंतर दातांच्या माथ्यावर जे काळसर खळगे असतात ते पाहावे लागतात. खालच्या ओळीत मधल्या जोडीचे खळगे सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेजारच्या जोडीचे सातव्या आणि कडेच्या जोडीचे आठव्या वर्षाच्या सुमारास घासून जातात. पुढे दात लांब दिसू लागतात आणि पुढे कलतात. म्हणूनच इंग्रजीत वय झालेल्या माणसाला 'लाँग इन द टूथ' म्हणतात. जुन्या काळी लबाड विक्रेते म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खोटे खळगे कोरून ते काळे करत, आणि या फसवणुकीसाठी इंग्रजीत वेगळे क्रियापदही आहे. म्हणजे मालकाचा शब्द आणि घोड्याचे तोंड यांत फरक पडू शकतो, आणि जाणता माणूस तोंडावर विश्वास ठेवतो. 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ', म्हणजे खात्रीची, मूळ ठिकाणाहून आलेली बातमी, हा वाक्प्रचार शर्यतीच्या मैदानावर रूढ झाला. जॉकी आणि मोतद्दार यांच्याकडून मिळालेली टिप चांगली, पण त्यांच्याही पलीकडे जाऊन थेट घोड्यानेच सांगितले तर त्याहून खात्रीची, असा त्याचा भाव आहे. तरी त्या घोडीसमोर वाकलेले चौघे पाहिल्यापासून मला त्या शब्दांत बाजारच दिसतो.

भेट मिळालेल्या घोड्याचे तोंड पाहू नये ही म्हण मात्र सरळ या दातांचीच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस सेंट जेरोम यांनी ती लॅटिनमध्ये लोकांची म्हण म्हणून लिहून ठेवली आणि १५४६ साली जॉन हेवूड यांच्या म्हणींच्या संग्रहात ती इंग्रजीत आली. मराठीत हीच गोष्ट 'धर्माची गाय आणि दात का नाय' अशी सांगितली जाते. दानात मिळालेल्या गाईच्या तोंडात डोकावून तक्रार करणारा माणूस आपण तेवढ्याच स्पष्टपणे पाहिला आहे. फरक इतकाच की आपल्याकडे दान दिली जाते ती गाय. घोडा दान द्यायला राजा लागतो. भाषांतर करताना इथे घोड्याला धरून बसणे म्हणजे म्हणीचा जीव घालवणे होय.

हेवूड यांच्या त्याच संग्रहात घोडा चोरीला गेल्यावर तबेल्याचे दार लावण्याची म्हण आहे. आपण 'वरातीमागून घोडे' म्हणतो. उशीर दोन्हीकडे सारखाच, पण तिकडे नुकसान झाले आहे आणि इकडे शोभा झाली आहे. घोड्याला पाण्यावर नेता येते पण पाणी पाजता येत नाही, ही म्हणही त्यात आहे आणि ती त्याहून कितीतरी जुनी आहे. सुमारे ११७५ सालच्या इंग्रजी प्रवचनांत ती सापडते. साडेआठशे वर्षे एक म्हण जवळपास त्याच शब्दांत बोलली जाते, ती घोड्याला ओढ्यावर नेणारा माणूस एवढी शतके रोज तेच अनुभवत होता म्हणून.

बाजारावरून एका शब्दाबद्दल मला तक्रार करायची आहे. अमेरिकी इंग्रजीत 'हॉर्स ट्रेडिंग' म्हणजे चलाखीने, घासाघीस करून केलेली देवाणघेवाण. तिच्यात चतुराई आहे, प्रसंगी लबाडीही आहे, पण लाच असलीच पाहिजे असे नाही. भारतात मात्र आमदार-खासदार फोडणे आणि विकत घेणे याच अर्थाने हा शब्द स्थिरावला, आणि मराठी वृत्तपत्रांनी त्याचा 'घोडेबाजार' केला. निवडणुकीचे निकाल त्रिशंकू लागले की मथळ्यांत घोडेबाजार तेजीत येतो. सारंगखेड्याला पिढ्यान् पिढ्या येणारा व्यापारी हा शब्द कोणत्या मनाने वाचत असेल असे मला वाटते. त्याच्या बाजारात जनावर उघड्यावर उभे असते, चार माणसे त्याचे तोंड उघडून पाहतात, ते चालवून पळवून दाखवले जाते आणि मग भाव ठरतो. मथळ्यांतल्या घोडेबाजारात यातले काहीच उघड्यावर होत नाही. शब्द आता इतका रुळला आहे की तो बदलणार नाही, पण इंग्रजी लेखातल्या साध्या वाटाघाटींना मी 'घोडेबाजार' लिहीत नाही, आणि इतरांनीही लिहू नये.

भाड्याच्या घोड्याची एक गोष्ट अशी आहे की तिच्या वाक्प्रचारात घोडा दिसतच नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात केंब्रिज येथे टॉमस हॉब्सन नावाचा एक वाहतूकदार होता. केंब्रिज आणि लंडन यांच्या दरम्यान तो सामान आणि टपाल नेत असे, आणि त्याच्या तबेल्यात चाळीसेक घोडे होते, ते विद्यार्थ्यांना भाड्याने मिळत. तरुण मुले येत आणि दर वेळी सर्वांत चपळ घोडा मागत, त्यामुळे चांगले घोडे दमून जात. हॉब्सनने नियम केला की दाराच्या सर्वांत जवळ जो घोडा असेल तोच घ्यावा, नाहीतर चालत जावे. परत आलेला घोडा रांगेच्या शेवटी जाई आणि विश्रांती मिळाल्यावरच पुन्हा दाराजवळ येई. 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे निवड असल्याचे भासते पण प्रत्यक्षात एकच पर्याय असतो अशी स्थिती, आणि हा शब्दप्रयोग आज नाराजीने वापरला जातो. मला मात्र त्या नियमात घोड्यांची कणव दिसते. १६३१ साली हॉब्सन वारला तेव्हा मिल्टनने, जो त्या वेळी केंब्रिजमध्येच विद्यार्थी होता, त्याच्यावर दोन कविता लिहिल्या.

शर्यतीतला घोडा मराठी भाषांतरकाराला सर्वांत जास्त फसवतो. 'डार्क हॉर्स'चे भाषांतर 'काळा घोडा' असे केलेले मी एकदा नव्हे, अनेकदा वाचले आहे. यातला 'डार्क' हा रंग नसून अंधार आहे. ज्याच्याबद्दल कोणाला काही माहीत नाही, ज्याच्यावर कोणी पैसे लावलेले नाहीत आणि जो अचानक सर्वांच्या पुढे निघून जातो तो हा घोडा. १८३१ सालच्या डिझरेली यांच्या एका कादंबरीतल्या शर्यतीच्या वर्णनात हा शब्द येतो, आणि १८४४ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ज्यांचे नाव सुरुवातीला स्पर्धेतही नव्हते ते जेम्स पोक मतदानाच्या नवव्या फेरीत उमेदवार ठरले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हापासून तो राजकारणात बसला. 'अनपेक्षित दावेदार' हे सरळ भाषांतर त्याला पुरते. मुंबईचा काळा घोडा हा शब्दशः काळा घोडा आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, जो अश्वारूढ पुतळा १८७९ साली तिथे उभारला गेला, त्याच्या रंगावरून लोकांनी चौकाला नाव दिले. १९६५ साली पुतळा भायखळ्याला हलवला, तरी नाव जागचे हलले नाही, आणि २०१७ साली तिथे जो नवा घोडा उभा राहिला त्याच्यावर स्वार नाही. राजा गेला आणि घोडा राहिला, हे लोकांनी आधीच आपल्या भाषेत ठरवले होते.

कामकरी घोडा हा मराठी माणसाला सर्वांत अनोळखी घोडा आहे. इंग्लंडमध्ये घोड्याने शेत नांगरले, मालाच्या गाड्या ओढल्या, कालव्याच्या काठाने चालत बोटी ओढल्या आणि खाणींत जमिनीखाली आयुष्य काढले. म्हणून तिकडे 'वर्क लाइक अ हॉर्स' म्हणतात. आपल्या शेतात घोड्याने नांगर ओढला नाही, तो बैलाने ओढला. म्हणून आपण बैलासारखे राबतो, ढोरासारखे राबतो, गाढवासारखी ओझी वाहतो, आणि घोडा मात्र दामटतो, नाचवतो, मैदानात उतरवतो. आपला घोडा युद्धात आणि वरातीत होता. 'वर्कहॉर्स' या शब्दाला मराठीत घोडा लावला की वाचकाच्या मनात झूल पांघरलेला, तुरा लावलेला घोडा येतो आणि अर्थ उलटा होतो.

या कामकरी घोड्याला एका माणसाने मोजमाप दिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट यांना आपली वाफेची यंत्रे अशा लोकांना विकायची होती ज्यांची कामे घोड्यांवर चालत. यंत्र किती घोड्यांचे काम करील हे सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही कळणार नव्हते, म्हणून त्यांनी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एका घोड्याची शक्ती असे ठरवले. आजच्या मापात ती सुमारे ७४६ वॉट होते. वॉटने घोडा मोजला आणि पुढच्या पिढ्यांनी वॉटचेच एकक केले, त्यामुळे विहिरीवरच्या पंपाच्या पत्र्यावर ३.७ किलोवॉट आणि ५ एचपी असे घोडा आणि घोडा मोजणारा दोघेही शेजारी कोरलेले असतात. पाठ्यपुस्तकाने 'अश्वशक्ती' असा शब्द घडवला आणि तो चांगलाही आहे, पण शेतकरी दुकानात जाऊन 'पाच एचपीची मोटर द्या' असेच म्हणतो.

मेलेल्या घोड्याविषयी थोडे थांबून लिहायला हवे. 'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स' म्हणजे जे संपले आहे त्याच्यामागे व्यर्थ शक्ती खर्च करणे, हा अर्थ सर्वांना माहीत असतो. त्याच्या शेजारी खलाशांच्या बोलीत आणखी एक 'डेड हॉर्स' होता. जहाजावर चढताना खलाशाला आगाऊ पगार दिला जाई आणि तो बहुधा बंदरातच संपून जाई. मग समुद्रावरचा पहिला महिना तो हाती काही न पडता राबे, आणि या राबण्याला मेलेल्या घोड्यासाठी काम करणे म्हणत. महिना भरला की चिंध्या आणि पेंढा भरून केलेला घोडा वाजतगाजत डेकवरून ओढून समुद्रात टाकत, कारण आता उद्यापासूनची कमाई आपली. हे वाचले तेव्हा मला मराठीतला शब्द शोधावा लागला नाही. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' घेतो आणि मग घरदार उचलून कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन ती अंगावर फेडतो. खलाशाचा घोडा महिन्याने बुडत असे. इथली उचल पुष्कळदा हंगाम संपला तरी फिटत नाही आणि पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते.

घोड्यावर बसण्याचा अर्थही दोन भाषांत वेगळा झाला आहे. मध्ययुगीन युरोपात उंच, धिप्पाड घोडा सरदाराला परवडे आणि त्याच्यावरून तो पायी चालणाऱ्यांकडे खाली बघे, म्हणून 'हाय हॉर्स'वर बसणे म्हणजे तोऱ्यात वागणे. मराठीत कोणी घाई केली की आपण विचारतो, "घोड्यावर बसून आलास का?" इथे घोडा दौडत आला आहे, घाम पुसायची सवड नाही, खलिता लगेच हवा आहे. हा प्रश्न ज्या समाजात तयार झाला त्याने घोडा मुख्यतः वेग म्हणून पाहिला, आणि मराठी फौजांचा इतिहास पाहता ते तसेच असणार.

त्या फौजांच्या भाषेत 'घोडा' हा शब्द एकवचनात राहून हजारोंची गणना करत असे. 'दहा हजार घोडा' म्हणजे दहा हजार स्वारांचे दळ. इंग्रजीतही असेच आहे. एरवी 'हॉर्स'चे अनेकवचन 'हॉर्सेस' होते, पण घोडदळ सांगायचे असेल तर 'अ थाउजंड हॉर्स' असे एकवचनीच म्हणतात. पलटणींच्या नावांत हा अर्थ टिकला आहे. स्किनर्स हॉर्स, हॉडसन्स हॉर्स, डेक्कन हॉर्स, आणि आपल्या पुण्याची पूना हॉर्स. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ साली झालेल्या पुण्याच्या तहातून जे साहाय्यक घोडदळ उभे राहिले तिथून या पलटणीची वंशावळ सुरू होते. कंपनीच्या अशा घोडदळांत जी भरतीची पद्धत चालली तिला इंग्रजांनी 'सिल्लदार' म्हटले, तो आपला 'शिलेदार' होय. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. हा मराठी सैन्यातला भेद इंग्रजी लष्करी कागदपत्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत जिवंत होता.

पूना हॉर्समध्ये आता घोडे नाहीत, रणगाडे आहेत. १९६५ च्या युद्धात या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना आणि १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडून बाहेर येण्याचा आदेश त्यांनी मानला नाही तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्या पलटणीत रणगाडा चालवणाऱ्या शिपायाचा हुद्दा आजही 'स्वार' असाच लिहिला जातो.